सरफोजीराजे भोसले: तंजावरच्या राजवाड्यातील जुने आणि नवे सूर

तंजावर शहराच्या मध्यभागी असलेला राजवाडा नायक राजांनी बांधावयास घेतला आणि भोसले घराण्याने वाढविला. उंच मनोरे, दरबाराच्या कमानी, संगीत महाल आणि सरस्वती महाल ग्रंथालय हे सारे एकाच आवारात आहे. नायककालीन दरबारात सरफोजीराजे भोसले यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. दक्षिणेतील मराठी राज्याचे सर्वांत विद्याव्यासंगी राजे म्हणून ते ओळखले जातात. नेत्रचिकित्सक, ग्रंथसंग्राहक, मुद्रणालयाचे संस्थापक अशी त्यांची ओळख महाराष्ट्रालाही थोडीफार आहे. पण आपल्या राजवाड्यात त्यांनी दोन वेगवेगळ्या संगीतपरंपरांची वाद्ये शेजारी शेजारी नांदविली, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

एका वाद्याचा आवाज दुसऱ्या साधनातून हुबेहूब काढता येतो का, हा वाद संगीतात जुनाच आहे. सध्या तो गिटारवादकांमध्ये रंगलेला दिसतो. निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे जुने अँप्लिफायर जड आणि नाजूक असतात. त्यांच्या नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात. पण आवाज वाढवीत गेल्यावर त्या नळ्या ध्वनीला जो किंचित फाटका, उबदार पोत देतात, त्यावर अनेक वादकांचा जीव जडलेला आहे. १९९० च्या दशकात या नळ्यांचे वर्तन गणिताने मोजून संगणकी चकतीत उतरविणारी यंत्रे बाजारात आली. लाइन सिक्स या अमेरिकी कंपनीचे पॉड हे छोटेखानी यंत्र १९९८ चे. एका पेटीत अनेक अँप्लिफायरांचे आवाज, वजन नगण्य, आणि दररोज तोच आवाज मिळण्याची खात्री. विरोधकांचे म्हणणे असे की, आवाज मिळतो, पण बोटाच्या हलक्या वा जड दाबाला मूळ यंत्र जो प्रतिसाद देते तो मिळत नाही.

गंमत अशी की, ज्या पोतासाठी हा खटाटोप चालतो तो मुळात यंत्राचा दोष आहे. अभियंत्यांना नळीतून स्वच्छ आवाज हवा होता. वादकांना तिचे बिघडणे आवडले. भारतीय श्रोत्याला हे नवे वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तेव्हा तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून झणझणते आणि त्या झणझणीतून स्वरांची वलये उमटतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आणि आज असंख्य गायकांचा रियाज त्यावरच चालतो. तरीही मैफलीत मागे खरे तंबोरे असावेत असा आग्रह धरणारे कलावंत आहेतच.

तंजावरच्या राजवाड्यात दोनशे वर्षांपूर्वी असाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला होता. एका बाजूला वीणा होती, दुसऱ्या बाजूला युरोपातून आलेली वाद्ये आणि त्यांची कागदावरची स्वरलिपी. त्या दोहोंच्या मध्ये सरफोजीराजे होते.

अंधारकोठडीतून सिंहासनाकडे

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते भोसले कुळाच्या एका शाखेतील होते. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. मृत्यूच्या थोडे आधी, १७८७ मध्ये, त्यांनी नऊ वर्षांच्या या मुलाला दत्तक घेतले आणि त्याची जबाबदारी ख्रिस्ती धर्मप्रचारक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ यांच्यावर सोपविली. श्वार्ट्‌झ जन्माने जर्मन. डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडीच्या मिशनमधून ते दक्षिणेत आले होते. तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांना येत असत. एका हिंदू राजाने आपल्या वारसाचा सांभाळ पाद्र्याच्या हाती द्यावा, ही त्या काळीही सामान्य गोष्ट नव्हती.

तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्रशुद्ध नाही असा निर्वाळा पंडितांकडून मिळाला आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांना मान्यता दिली. पुढची काही वर्षे सरफोजींच्या आयुष्यातील काळोखाची होती. राजवाड्याच्याच एका भागात त्यांना कोंडल्यासारखे ठेवण्यात आले; शिक्षणाची सोय नव्हती. श्वार्ट्‌झ यांनी मद्रासच्या सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजीवर त्यांनी प्रभुत्व मिळविले, पाश्चात्त्य विज्ञानाची आणि वाङ्मयाची गोडी लागली, आणि फोर्ट सेंट जॉर्ज या इंग्रजांच्या किल्ल्याभोवतीचे जग त्यांनी जवळून पाहिले.

त्या जगात लष्करी बँड होते. याच सुमारास मुत्तुस्वामी दीक्षितर आणि त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी हे मद्रासनजीक मणली येथील जमीनदारांच्या आश्रयाला होते. किल्ल्यातील बँडच्या चाली मुत्तुस्वामींच्या कानी पडत. त्या सरळ, बिनगमकाच्या युरोपीय चालींवर त्यांनी पुढे संस्कृत शब्द बसविले. नोट्टुस्वर या नावाने त्या रचना आजही गायिल्या जातात. इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चालही त्यांत आहे. बालुस्वामींनी मात्र दुसरा मार्ग धरला. त्यांनी एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजविण्यास प्रारंभ केला. एका बंधूने परक्या चाली आपल्या भाषेत आणल्या, दुसऱ्याने परके वाद्य आपल्या रागात आणले. या दोन वाटांचा पुढचा प्रवास फार वेगळा झाला.

पंडितांचा पहिला निर्वाळा नंतर फिरला, कंपनीचे मतही बदलले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहण्यास श्वार्ट्‌झ हयात नव्हते. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले होते. राजांनी इंग्लंडमधील ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील वृद्ध श्वार्ट्‌झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले तरुण राजे असे ते शिल्प शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये आहे.

राज्याविना राजा

सिंहासन मिळाले, पण राज्य दीड वर्षाच्या आतच गेले. ऑक्टोबर १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्ली यांच्या कारकिर्दीत झालेल्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांना सालिना एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. किल्ला आणि राजवाडा तेवढा त्यांच्या अमलाखाली राहिला. दरबार भरत होता, चोपदार ललकारत होते, मोडीत हिशेब लिहिले जात होते. परंतु कर बसविण्याचा, फौज बाळगण्याचा, तह करण्याचा अधिकार उरला नव्हता. राजेपणाची प्रतिकृती काय ती हाती राहिली होती.

सरफोजींच्या पुढील तीस वर्षांच्या उद्योगाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. काही अभ्यासक त्यांना इंग्रजाळलेला राजा ठरवून मोकळे होतात, काही त्यांना प्रबोधनाचा अग्रदूत म्हणतात. राजवाड्यातील वस्तूंची यादी या दोन्ही मतांना पुरून उरते. मुक्तांबापुरम या अन्नछत्राजवळ त्यांनी शाळा काढली, तेथे देशी विद्यांबरोबर इंग्रजीही शिकवीत. १८०५ च्या सुमारास स्थापन झालेल्या नवविद्याकलानिधी छापखान्यात देवनागरी खिळे पाडून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर बालबोधमुक्तावली या नावाने १८०६ मध्ये छापले गेले. मुंबई-पुण्यात मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. डोळ्यांच्या रुग्णांची चित्रे आणि उपचारांच्या नोंदी आजही जतन आहेत. आणि त्याच वेळी, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला गेला. राज्य गेलेल्या राजाने पूर्वजांची गाथा दगडावर लिहवून घ्यावी, यातील वेदना वेगळी सांगावयास नको.

प्रतिकृतीचा विषय निघाला आहे म्हणून एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. शरीररचनेचा अभ्यास करावयाचा तर मानवी सांगाडा हवा. पण मृताची हाडे राजवाड्यात आणणे राजांच्या धर्मास मान्य नव्हते. तेव्हा त्यांनी इंग्लंडहून हस्तिदंती सांगाडा मागविला. जेथे अस्सल वस्तू चालत नव्हती तेथे नक्कल त्यांना पुरेशी वाटली. हाडांचे सांधे कसे बसतात एवढेच पाहावयाचे होते. संगीतात मात्र त्यांनी हा हिशेब केला नाही.

वीणेचे घर

तंजावरला वीणेचा वारसा भोसल्यांच्याही आधीचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रघुनाथ नायक आणि त्यांचे प्रधान गोविंद दीक्षित यांच्या काळी चोवीस पडद्यांची वीणा सिद्ध झाली, अशी परंपरा आहे. फणसाच्या लाकडाचा भोपळा आणि दांडी, पितळी पडदे, आणि ते पडदे बसविण्यासाठी मेणाचा थर. मेण वितळवून पडदा केसभर सरकविता येतो. पडदा स्थिर असला तरी वादक तार आडवी खेचून एकाच पडद्यावर अनेक स्वर काढतो. कर्नाटक संगीताचा प्राण असलेले गमक यातूनच येते. स्वर एका जागी उभा न राहता झुलतो, खालून येतो, वरून उतरतो. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या वीणेला एकांड वीणा म्हणतात. हे वाद्य करणारे कारागीर तंजावरला आजही आहेत आणि २०१३ मध्ये तंजावर वीणेला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

भोसले राजेही संगीताचे जाणकार होते. पहिल्या तुळजाजींनी संगीतसारामृत हा ग्रंथ लिहिला. सरफोजींच्या नावावर कोरवे या प्रकारातील मराठी नृत्यरचना आहेत. एकाच रागात आणि एकाच तालात गुंफलेली, अनेक अंगांची ही मालिका नर्तकीने सलग सादर करावयाची असे. त्यांचे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक तर आणखी नवलाचे. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी देशोदेशीचे वर्णन करते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला.

अशा घरात युरोपीय बँड आला. राजवाड्यातील वादकांना पाश्चात्त्य वाद्ये आणि स्वरलिपी शिकविण्यात आली. युरोपीय संगीताची पुस्तके राजांनी मागविली. ती सरस्वती महालात आहेत. दरबारातील वराहप्पा दीक्षित हे दोन्ही संगीतांत गती असलेले म्हणून नावाजले गेले. त्या काळी भारतीय चाली युरोपीय लिपीत उतरविण्याचा छंद कलकत्त्याच्या इंग्रज समाजातही होता. विल्यम हॅमिल्टन बर्ड यांनी १७८९ मध्ये अशा चालींचा संग्रह छापला आणि तो इंग्रजी घरांतील कळफलकाच्या वाद्यांसाठी होता. त्यातील अडचण आजच्या डिजिटल यंत्राच्या टीकाकारास चटकन कळेल. पाच रेघांवर स्वराची उंची आणि लांबी लिहिता येते; दोन स्वरांमधला प्रवास सहजी लिहिता येत नाही. कळफलकावर तर तो वाजविताही येत नाही. चाल ओळखू येते, राग हरवतो.

तंजावरच्या बँडचीही मर्यादा तीच होती. स्वागताला, मिरवणुकीला, युरोपीय पाहुण्यांच्या मेजवानीला बँड शोभून दिसे. राजांनी त्याला रागसंगीताच्या जागी बसविल्याचे दिसत नाही. वीणा, तमिळ-तेलुगू पदे, मराठी कोरवे आणि बँड हे आपापल्या जागी चालू राहिले. आजच्या दृष्टीने हा निर्णय साधा वाटतो. पण नव्या सत्तेला खूष करण्यासाठी जुने मोडीत काढणे आणि स्वाभिमानापोटी नव्याला दार बंद करणे, असे दोन्ही सोपे मार्ग त्या काळच्या संस्थानिकांपुढे होते. सरफोजींनी यांतला एकही घेतला नाही.

व्हायोलिन मांडीवर येते

बँडपेक्षा खोल शिरकाव केला तो व्हायोलिनने. त्याचे कारण वाद्याच्या बांधणीतच आहे. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट तारेवरून घसरत जाऊ शकते, म्हणून वीणेवर तार खेचून जे साधते ते येथे बोट सरकवून साधते. शिवाय गजामुळे स्वर गळ्यासारखा लांबविता येतो. दाक्षिणात्य वादकांनी वाद्यात काहीही फेरबदल केला नाही, पण त्याचे धरणे बदलले. हनुवटीखालचे व्हायोलिन जमिनीवर बसलेल्या वादकाच्या छातीला आणि पावलाला टेकले, त्यामुळे डावा हात गमकासाठी मोकळा झाला. तारा षड्ज आणि पंचमात मिळविल्या जाऊ लागल्या. परका सांगाडा तसाच ठेवून त्यात आपला आवाज भरला गेला.

या घडामोडीत बालुस्वामींच्या जोडीने वडिवेलु यांचे नाव घेतले जाते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार बंधू तंजावर चतुष्टय म्हणून प्रसिद्ध आहेत. सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळात या दरबारात त्यांनी नृत्याच्या सादरीकरणाचा जो क्रम लावला, त्यावर आजचे भरतनाट्यम उभे आहे. वडिवेलु पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले आणि १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस मिळाले. श्वार्ट्‌झ यांनीच वडिवेलुंना व्हायोलिन शिकविले, अशी एक कथा वारंवार छापली जाते. ती टिकणारी नाही, कारण वडिवेलुंच्या जन्माच्या बारा वर्षे आधीच श्वार्ट्‌झ वारले होते.

दरबाराबाहेरच्या संगीताचाही उल्लेख केला पाहिजे. तंजावरहून काही कोसांवर, कावेरीकाठी तिरुवैयारु येथे त्यागराज राहत होते. सरफोजींनी त्यांना दरबारी बोलावणे धाडले आणि रामभक्तीपुढे धन तुच्छ मानून त्यागराजांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते. कथेचा तपशील कसाही असो, त्या काळातील सर्वश्रेष्ठ वाग्गेयकार राजवाड्यात नव्हते एवढे खरे. राजाश्रयाला मर्यादा होती, आणि ती सरफोजींच्या औदार्याने ओलांडली गेली नाही.

अखेरचा काळ

१८२० मध्ये राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. परतताना त्यांनी हस्तलिखितांची भर आणली. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. लव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांची मते जाणणारा, शेक्सपियर आणि बायरन यांविषयी बोलणारा राजा पाहून ते चकित झाले. भेटीनंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल रोजी, त्रिचनापल्ली येथे हेबर यांचा मृत्यू झाला.

सरफोजीराजांचे ७ मार्च १८३२ रोजी निधन झाले. पुत्र शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये तेही निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. खजिना आणि जडजवाहीर जप्त झाले. राण्यांनी दाद मागितली, प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८५९ मध्ये तेथेही निकाल विरुद्ध लागला. आश्रय तुटलेले गवई, वादक, नर्तकी मद्रासकडे आणि अन्य संस्थानांकडे पांगले. ग्रंथसंग्रह मात्र वाचला आणि १९१८ मध्ये सार्वजनिक झाला.

स्वरलिपीचा प्रयोगही तेथेच थांबला नाही. १८९० च्या दशकात ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी कर्नाटक रचना युरोपीय लिपीत छापण्याचा घाट घातला. त्यांच्या मदतीला आले ते बालुस्वामींच्या घरातील सुब्बराम दीक्षितर. त्यांनी १९०४ मध्ये स्वतःचा बृहद्‌ग्रंथ संगीत संप्रदाय प्रदर्शिनी प्रसिद्ध केला, तेव्हा लिपी देशी सरगमची होती आणि गमकांसाठी वेगळ्या खुणा योजाव्या लागल्या होत्या.

सरफोजींनी मागविलेली बँडची पुस्तके सरस्वती महालात मिटलेली आहेत. तिरुवैयारु येथे दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्या गर्दीत वीणा असतात, मृदंग असतात, आणि ओळीने मांडी घालून बसलेले व्हायोलिनवादकही असतात.